भाकरीला पाणी न लावणारी बाई

आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे उडदाचे पापड एकटीने कुणी लाटत नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिच्या घरचे पापड तिने पीठ कुटून ठेवायचं, बाकीच्यांनी दुपारची जेवणं आटोपली की आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायचं. वर चहा आणि तेलात बुडवलेल्या चार लाट्या खायला, एवढंच. जळगावात आल्यापासून मी ही रीत पाळते आहे, आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत मला खरंच वाटायचं की बायका पापडांसाठी जमतात. गेल्या उन्हाळ्यात कळलं, त्या जमतात त्या मालिकेवर बोलायला. पापड आपले हात रिकामे नकोत म्हणून.

ती मालिका तुम्ही पाहिली नसेल तर नशीबवान आहात. पहिल्यांदा ती लागली तेव्हा टीव्हीवर एकच चॅनेल होतं, म्हणून लोकांनी पाहिली, दुसरं होतं काय पाहायला? एक बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीवर जाते ती परत येत नाही. दळण मात्र येतं. रोज सकाळी उंबऱ्यावर डबा, आत गरम गरम पीठ, आणि आणणारं कुणी नाही. सगळं गाव तिला शोधत सुटतं. मग गावातली घड्याळं उलटी फिरतात, विहिरीतून हार्मोनियम वाजते, एक बकरी माणसासारखी खाकरते. कशाचा कशाला मेळ नाही. आणि एके दिवशी, बाई कुठं गेली ते न सांगताच, मालिका बंद पडली. बरं झालं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

आता इतक्या वर्षांनी कुणाला उमाळा आला कोण जाणे, तीच मालिका त्याच नटीला घेऊन पुन्हा सुरू केली. नटीचे केस पांढरे झालेत. हरवलेली बाई आता मधूनमधून कुठल्याशा घरात दिसते, पण कुठल्या ते कळत नाही. डबा पत्र्याचा होता तो स्टीलचा झालाय. बकरी बहुतेक वारली असावी, कारण या खेपेला रेडिओ खाकरतो.

आणि आमच्या बायका! जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई तर मोबाइलवर भाग थांबवून थांबवून बघतात. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठला वार आहे, हे बघायला. म्हणे त्यात खूण असते. अहो, चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासताना इतकं बारकाईनं बघितलं असतं तर गल्लीतली अर्धी पोरं डॉक्टर झाली असती. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना खुणांशी देणंघेणं नाही, त्यांना अभिनय कळतो. कॉलेजात असताना त्यांनी एका नाटकात काम केलं होतं. पडद्यामागून 'आले हं आईसाहेब' एवढंच म्हणायचं होतं, पण तेव्हापासून त्यांना अभिनय कळतो. आणि कोपऱ्यावरच्या काकू. त्या दोघींनाही 'हो ना, हो ना' म्हणतात आणि लाट्या खातात.

माझी धाकटी जाऊ धुळ्याला असते. दर वर्षी पापडांच्या दिवसांत आठ दिवस माझ्याकडे येते. आमचे दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या गावी. भावकीत भांडणं आहेत, त्यामुळे तिकडचं कुणी येत नाही. हक्कानं पिशवी घेऊन दारात उभं राहणारं माझं म्हणावं असं ते एकच माणूस उरलंय.

तर या जावेची मोठी बहीण. पारोळ्याजवळच्या एका गावात दिलेली. लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, मूलबाळ नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी पारोळ्याला जाते म्हणून निघाली ती परत आलीच नाही. सासरचे म्हणाले, माहेरी गेली असेल. माहेरचे म्हणाले, आमच्याकडे नाही. चार दिवस दोन्हीकडून निरोप गेले-आले, आणि मग दोन्ही घरांनी मिळून विषय बंद केला. चौकीत गेलं तर अब्रू जाईल म्हणून तिथंही कुणी गेलं नाही. बाई गेली त्याचं काही नाही, अब्रू मात्र जायला नको! त्यानंतर त्या बहिणीचं नाव आमच्या घरात मी तरी कधी ऐकलं नाही.

ती मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा या गोष्टीला तीनच वर्षं झाली होती. आम्ही दोघी तेव्हा एकत्र कुटुंबात, गावी. मालिकेचं गाणं सुरू झालं की मी जावेला चुलीकडे पिटाळायची. भाकऱ्या टाक म्हणायची, दूध बघ म्हणायची. तिच्या डोळ्यांसमोर ते नको, एवढाच माझा हेतू.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती यायच्या आधी मी तिघींना बजावलं, "माझ्याकडे पापड असतील त्या दिवशी त्या मालिकेचं नाव काढायचं नाही." कारण काही मी सांगितलं नाही, ते माझं सांगायचं नव्हतंच. मला धास्ती एकच. विषय निघाला, जावेला लागला, तर ती दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं धुळ्याला निघून जाईल आणि परत यायची नाही.

"का हो, अक्का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "कळत नाही म्हणून राग येतो का तुम्हाला?"

"हो ना," काकू म्हणाल्या.

झालं. माझ्याकडचा दिवस उजाडला. जाऊ आदल्या दिवशीच आली होती, पीठ तिनेच कुटलं. दुपारी तिघी आल्या, चटईवर गोल करून बसलो. दहा पापड होतात न होतात तोच मास्तरीणबाईंनी लाटणं थांबवलं.

"अक्का रागावतील, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कालच्या भागात ती भाकरी थापते, बघितलं? तव्यावर टाकली आणि वरून पाणी लावलंच नाही!"

"अय्या, हो ना!"

"पाण्याला ती हातच लावत नाही. पहिल्या भागापासून बघा. का? कारण ती विहिरीत आहे. जी आपल्याला दिसते ती ती नाहीच, ती दुसरीच आहे. भाकरी हीच खूण आहे!"

मी विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण चाळीस वर्षं भाकऱ्या थापलेल्या बायका हे बोलताना ऐकून माझ्यानं राहवलं नाही.

"अहो बाई," मी म्हणाले, "तिला भाकरी येत नाही. एवढंच आहे ते. नटी आहे ती, तिनं जन्मात परात बघितली नसेल. कुणीतरी पीठ मळून दिलं, तिनं थापल्यासारखं केलं. उद्या तुमच्या सुनेच्या भाजीत मीठ कमी पडलं तर ती पण विहिरीतली का?"

"तुम्हाला प्रतीक कळत नाही, अक्का."

"भाकरी कळते मला."

"मला विचाराल तर," वहिनींनी मान उडवली, "ती चांगलंच करते. लाकूड आहे तो तिचा नवरा. रोज सकाळी दार उघडतो, डबा उचलतो, आत घेऊन जातो. चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. बायको गेलीय रे बाबा तुझी! जरा घसा दाटून येऊ दे, भिंतीला टेकून बस. मी असते तर डब्याला मिठी मारून रडले असते."

"तो रडत नाही कारण त्यानंच तिला नाहीशी केलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गिरणीवाला आणि तो जुळे भाऊ आहेत."

"जुळे कसे? एक काळा, एक गोरा."

"तेच तर! आरशातले जुळे."

"हो ना," काकू म्हणाल्या आणि सहावी लाटी उचलली.

मी जावेकडे बघितलं. ती खाली मान घालून लाटत होती. तिचा पापड नेहमी असा गोल होतो की ताटलीनं कापला वाटावं, तसाच होत होता. मला जरा धीर आला. म्हटलं, हिचं लक्ष नाही. मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, यंदा उडीद कसे जुने निघाले, पापडखार कसा कडक आहे. पण मास्तरीणबाईंची सवय, वर्गात जो बोलत नाही त्यालाच उभा करायचा.

"धुळ्याच्या वहिनी, तुम्ही गप्प का? तुम्ही सांगा. एक चांगली घरची बाई दिवसाढवळ्या घरातून निघून जाते. कुठं जात असेल?"

मी उठले. "चहा ठेवते. सगळ्यांनी हात धुवा, ऊठ गं तू, ते पापड खाटेवर टाकून ये, ऊन उतरेल."

जाऊ उठली नाही.

"तो नवरा बरोबर काम करतो," ती म्हणाली.

वहिनींच्या भुवया वर गेल्या. "तुम्ही बघता मालिका?"

"पहिल्यापासून. तेव्हा चुलीपाशी बसून ऐकायची, आता बघते." मग वहिनींकडेच बघून म्हणाली, "नवरे तसंच करतात. पीठ येतंय ना घरी, मग झालं. माझी बहीण गेली तेव्हा माझ्या दाजींनी पण दार तसंच उघडलं होतं आम्हाला. तोंडावर काही नाही. पाणी दिलं, बसा म्हणाले. चौथ्या महिन्यात दुसरी आणली, तिच्या हातचं जेवण पण तसंच जेवत असतील."

मास्तरीणबाईंनी विचारलं, "गेली म्हणजे?"

तिनं सांगितलं. बाजाराचा दिवस, पारोळा, निळं लुगडं. आपण भाजीचा भाव सांगतो तितक्या सरळ सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. मी तिला हे सांगताना कधी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कशी? तिनं तोंड उघडायच्या आत मीच तिला दूध बघायला पाठवायची.

"आता लावा ना तर्क," ती मास्तरीणबाईंना म्हणाली. चेष्टेनं नाही, खरंच विचारत होती. "तुम्ही आत्ता बसल्या बसल्या त्या बाईचे किती मार्ग काढलेत. माझ्या बहिणीचा एक काढा. कुठं गेली असेल?"

आणि बघा मजा. कॅलेंडरवरचे वार वाचणाऱ्या मास्तरीणबाई चष्मा पुसायला लागल्या. डब्याला मिठी मारून रडणाऱ्या वहिनी पोळपाटावरचं पीठ नखानं खरवडू लागल्या. काकूंच्या तोंडून 'हो ना' सुद्धा निघेना. खोट्या बाईसाठी विहिरी, आरसे, जुळे भाऊ, आणि खऱ्या बाईसाठी एक वाक्य नाही! मग वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या, तुम्हाला त्रास होईल." काकूंना घरी गॅसवर काहीतरी राहिल्याचं आठवलं. मास्तरीणबाई मात्र "माफ करा हं" म्हणाल्या, ते मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. लाट्या अर्ध्या उरलेल्या, आणि तिघी लाटणी गोळा करून गेल्या.

आम्ही दोघीच राहिलो. उरलेलं पीठ वाळून जाऊ नये म्हणून ओलं फडकं टाकलं नि मी तिच्या समोर बसले. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर पिशवी भरेल.

"मी बजावलं होतं त्यांना," मी म्हणाले. "तुला त्रास नको म्हणून."

"त्रास कसाना, अक्का?" एकट्या असलो की ती अहिराणीवरच येते. "ती मालिका माले गोड लागस. बठ्ठं गाव त्या बाईले धुंडस. मन्ही बहीणले कोणी धुंडं नही. कोठे गयी व्हई, इतलं बी कोणी इचारं नही."

सगळं गाव त्या बाईला शोधतं, हे तिला गोड वाटत होतं; तिच्या बहिणीला कुणी शोधलंच नव्हतं, कुठं गेली म्हणून विचारलंही नव्हतं. आणि मी तीस वर्षं त्या गावाला नावं ठेवत बसले होते. त्या तिघींना हसायला माझी जीभ काय चुरूचुरू चालते! त्यांनी निदान खोट्या बाईसाठी तरी डोकं चालवलं. मी सख्ख्या जावेच्या बहिणीसाठी ते सुद्धा केलं नाही, आणि वर स्वतःला समजूतदार समजत आले. ह्या समजूतदारपणाला काय चाटायचंय?

त्या बहिणीला मी दोनदा बघितलं होतं. एकदा जावेच्या लग्नात, एकदा ओटीभरणाला. उंच होती, हसताना तोंडावर पदर धरायची. मी लाटणं उचललं, एक लाटी घेतली आणि लाटता लाटता म्हणाले, "मला वाटतं, ती बाजारात गेलीच नसेल. तशीच स्टेशनावर जाऊन रेल्वेत बसली असेल. सुरतेला. आपल्याकडची किती माणसं तिकडं कामाला जातात. तिकडं एखाद्या कापडाच्या कारखान्यात लागली असेल."

जावेनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चुकलंच माझं.

"सुरत?" ती म्हणाली. "तिले पारोळ्याना बाजारमा गर्दी सहन व्हये नही, ती सुरतले जाई? काहीबी बोलतस तुम्ही, अक्का."

"मग तू सांग."

"ती डोंगराकडे गयी व्हई. सातपुड्याकडे. तठे आमनी मावशी व्हती."

"मावशीकडे गेली असती तर मावशीनं कळवलं नसतं?"

"मावशी कळवणारी नव्हती!" ती एकदम उसळली, पोळपाट पुढे सरकवला. "तुमले काय माहीत मावशी कशी व्हती? थांबा, सांगस."

आणि ती सांगायला लागली. मी मध्ये मध्ये आडवे प्रश्न विचारत होते, ती मला वेड्यात काढत होती, आणि खाटेवरचे पापड कडक होऊन वाकडे व्हायला लागले तरी दोघींपैकी कुणीच उठलं नाही.