नर्सबाईंच्या अंगणात पालखी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी नर्सबाईंकडे भाड्याने राहिले. सगळ्या वाडीत ख्रिस्ती आम्ही दोघीच. मी रविवारी महाडला उपासनेला जायचे आणि एरवी कुणी विचारलं तर आडनाव पुटपुटायचे. आता ठणकावून सांगते, ते बाईंमुळे. त्या निवृत्त झाल्या होत्या. अर्ध्या वाडीची बाळंतपणं त्यांच्याच हातची.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. घरची बाई पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालते, पूजा करते, नारळ देते. बाईंच्या घरावरून मात्र जुनी माणसं पालखी गुपचूप पुढे न्यायची. त्या वर्षी मुंबईहून आलेल्या पोरांनी ठरवलं, एकही घर सोडायचं नाही. मी बाईंच्या मागे लागले.

"बाई, कुलूप लावून महाडला जाऊ या."

"कशाला गो? मी काय चोरी केलीय?" म्हणत त्या अंगण सारवायला बसल्या.

भर उन्हात पालखी आली. ढोल थांबला. बाईंनी पाण्याची कळशी आणि गूळ पुढे ठेवला.

"उन्हातून आलात, पाणी घ्या. पूजा मी करणार नाय. मी येशूची हाय. मनात नसताना हात जोडले तर तुमच्या देवीलाही फसवलं आणि माझ्या देवालाही. खोटं कसं करू?"

पुढचा दांडा धरलेला तरुण भडकला. त्याचा जन्मही बाईंच्याच हातचा, बरं का! "मग गावात राहता कशाला?"

पाण्याला कुणी हात लावला नाही. पालखी तशीच गेली. बाईंना वाडीत राहू द्यायचं की नाही, यावर गावकीची बैठक बसली. काही ठरलं नाही, पण बीपी तपासून घ्यायला येणारी म्हातारी माणसंही फिरकेनाशी झाली. मला बाईंचाच राग यायचा. एका नारळाने काय आभाळ कोसळणार होतं? तसं मी तोंडावर बोललेही. त्या नुसत्या हसल्या आणि रोजच्यासारखं दार उघडून ओटीवर बसल्या. या वयात त्या जाणार तरी कुठे होत्या?

दिवाळीनंतर त्या झोपेतच गेल्या.

महाडहून चर्चचे पाळक आले, सोबत तीन म्हातारे. महाडच्या दफनभूमीत न्यायची गाडी खाली रस्त्यावर उभी, आणि वर वाडीपर्यंत नुसती पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट. शवपेटी कोण उतरवणार? मी ओटीवर बसून हमसाहमशी रडत होते. तेवढ्यात तोच तरुण आला, मुंबईहून, बातमी कळताच निघालेला. मागे पालखीचे बाकीचे गडी, सगळे अनवाणी. त्यांनी पेटी खांद्यावर घेतली आणि पालखी उतरवतात तशी, जराही तिरकी होऊ न देता, पाखाडीने खाली आणली.

रस्त्यावर पाळकांनी प्रार्थना सुरू केली, तेव्हा ते सगळे लांब फणसाखाली जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं. एवढं केलं, मग दोन मिनिटं जवळ यायला काय झालं होतं?

आमेन झालं. तो तरुण कळशी घेऊन माझ्यासमोर आला. कळशी बाईंचीच, घरातून उचलून आणलेली.

"मॅडम, प्रार्थनेला आलो नाय. खोटं कसं करू?" त्याचे डोळे भरले होते. "उन्हातून आलात, पाणी घ्या."

मी ओंजळ पुढे केली.