कॅम्पातला म्हातारा आणि सिंधचे नकाशे

उल्हासनगरची ती केस आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. ना आरोपी, ना आरोपपत्र, तरी साऱ्या नोकरीत इतका बुचकळ्यात मी कधी पडलो नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बॉम्बस्फोटांच्या बातम्यांनी सगळी ठाणी धास्तावलेली होती. अशात कॅम्पातल्या, म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या वस्तीतल्या, एका सायबर कॅफेच्या मालकाचा फोन आला.

"साहेब, एक सिंधी म्हातारा रोज येतो. पाकिस्तानचे मॅप काढतो. साधे नाय, मिलिटरीचे. प्रिंट पण मारतो."

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार मराठी, पण कॅम्पातच वाढलेला, त्यामुळे सिंधी घडाघडा बोलायचा. म्हातारा कॉम्प्युटरसमोरच सापडला. हातात नकाशांची चळत. त्यांवर कालवे, टेकड्या, रेल्वेमार्ग, आणि कोपऱ्यात कुठल्याशा परदेशी आर्मीचं नाव छापलेलं. ते वाचून त्याला सरळ ठाण्यात आणलं.

जीन्सच्या कारखान्यात कटिंगमास्तर होतो, आता घरीच असतो, असं त्याने सांगितलं.

"साहब, मी काय केला? मैं तो अपना गाँव ढूँढता हूँ."

"पाकिस्तानात?"

"तब पाकिस्तान किधर था? सिंध था."

मग त्याने समजावलं ते असं. इंटरनेटवर जगभरातल्या गावांच्या नावांची एक भलीमोठी जंत्री आहे. नाव टाकलं की अक्षांश-रेखांश मिळतात, आणि त्यावरून नकाशाचा कोणता तुकडा उघडायचा ते कळतं. हे जुने नकाशे परदेशातल्या एका विद्यापीठाने सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. आर्मीचं नाव असलं तरी त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"मग एक नकाशा पुरे. एवढे कशाला?"

"नाम डाला तो बहुत गाँव निकले, साईं. एक ही नाम, इधर भी, उधर भी."

त्यांच्याकडे म्हणे गावाला मुखियाचं नाव देतात, त्यामुळे एकाच नावाची गावं ढीगभर. घराजवळ कालवा होता आणि छपरावरून रेल्वे दिसायची, एवढंच मोठ्या बहिणीकडून ऐकलेलं. फाळणीच्या वेळी तो स्वतः अगदी लहान होता. दोन्ही खुणा जुळणारे नकाशे त्याने बाजूला काढले, तरी ते एकाहून जास्तच निघाले.

हे खरं की पढवलेलं, मला कळेना. खोटं बोलणारा माणूस सहसा सरळसोट उत्तरं देतो. हा आपल्याच उत्तरांत अडकत होता आणि सारखा दाराकडे बघत होता.

"छोडो ना, साहब. दीदी अकेली है. दरवाजा खुला मिला तो चली जाएगी."

"कुठे?"

"गाँव."

आता मात्र माझं डोकं चक्रावलं. कागद विशेष शाखेकडे पाठवावेत, तर हा कितीतरी दिवस खेटे घालत बसणार, आणि बहीण कोणाच्या भरवशावर? सोडून द्यावा आणि नेमका हेर निघाला, तर माझी वर्दी उतरणार. मी कॅफेवाल्याला बोलावून विचारलं, "याला हे सगळं शिकवलं कोणी?"

त्याने डोकं खाजवलं. "मीच, साहेब. टायपिंग पण मीच शिकवलं."

त्याला चार शब्द सुनावून मी हाकललं आणि म्हाताऱ्याला घेऊन त्याच्या घरी गेलो.

दारातच एक वृद्धा काखेत गाठोडं घेऊन उभी होती आणि शेजारीण तिला दंडाला धरून आवरत होती. "रोज का है, साहब. स्टेशन का रास्ता पूछती है. एक बार तो अंबरनाथ के रोड पे मिली." माझा संशय तिथेच संपला. हेराचं घर असं नसतं.

म्हाताऱ्याने बहिणीपुढे नकाशे पसरले आणि यातलं आपलं गाव कोणतं, असं सिंधीत विचारलं. गाव दाखवून आणि किती लांब आहे ते सांगून तिला घरात थांबवता येईल, अशी त्याची आशा होती. तिने पहिल्या नकाशावर हात ठेवला. हेच. मग दुसऱ्यावर. हेही. मग तिसऱ्यावर. तो कपाळाला हात लावून बसला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या गणवेशाकडे गेलं. तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि मला काहीतरी विचारलं. मी हवालदाराकडे वळलो.

"अरे, काय म्हणते?"

"साहेब, विचारते, रस्ता खुला झाला का? तुम्ही सांगितलं की निघू म्हणते."

म्हातारा हळूच म्हणाला, "सिंध से निकले तब पुलिसवाला बोला था, थोडे दिन की बात है. रास्ता खुलेगा तो बोलेंगे."

मी म्हणालो, "अभी बंद है, अम्मा. खुलेगा तो मैं खुद आके बताऊँगा."

हवालदाराने ते सिंधीत सांगितलं. तिने मान डोलावली, गाठोडं भावाच्या हातात दिलं आणि खाटेवर जाऊन बसली.

चौकशीत आक्षेपार्ह काही आढळले नाही, असा अहवाल देऊन मी प्रकरण मिटवलं. पुढे हवालदाराकडून कळलं, ती उठली की भाऊ म्हणतो, साहब अभी नहीं आए, आणि ती पुन्हा बसते. त्या नकाशांतलं तिचं गाव कोणतं, ते कोणालाच कळलं नाही. माणूस काय शोधतोय हे कळलं तरी त्याला काय हवंय ते कळतंच असं नाही, एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. तिला दिलेलं उत्तर बरोबर होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तिथे होतो तोवर गस्तीची जीप त्या गल्लीत कधी जाऊ दिली नाही. गणवेश दिसला असता, तर ती गाठोडं घेऊन निघाली असती.