राक्षसाचा रिपोर्ट

महाबळ देवाडिग राक्षस होऊन रंगमंचावर आला की पुढच्या रांगेतली पोरं मागच्या रांगेत पळायची आणि मागच्या रांगेतली आईच्या कुशीत शिरायची. कुंदापूरच्या पट्ट्यात यक्षगानाचे मेळे पुष्कळ, पण राक्षस बघायचा तर महाबळाचाच. पडद्याआडून त्याची पहिली डरकाळी आली की चेंडे ढोल वाजवणाराही दचकून ताल चुकायचा, असं लोक सांगतात. लोक थोडं वाढवूनच सांगतात म्हणा. पण एवढा हा राक्षस घरी आला की चपला उंबऱ्याबाहेर सरळ ओळीत काढून ठेवायचा, कारण आत गुलाबीअक्का, त्याची थोरली बहीण, विड्या वळत बसलेली असायची.

याच अक्कानं चार महिन्यांपूर्वी त्याला आपला मगज दिला. हाडांतला. महाबळाला रक्ताचा कॅन्सर झाला, केमोनं मिशा गेल्या, आवाज बसला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला तर आशा आहे. अक्काचा जुळला. "डोक्यातला कधी जुळला नाही, हाडातला तरी जुळला," असं म्हणून अक्का सुई घ्यायला पालथी झाली.

आता मिशा परत आल्या होत्या. आजारही परत आलाय का, ते जेनेटिक टेस्टवरून कळायचं होतं. इस्पितळात सोबतीला मेळ्यातला पद्मनाभ होता. हा तीस वर्षं साडी नेसून राण्या आणि अप्सरा करणारा, शिवाय मॅट्रिक झालेला, म्हणजे इंग्रजी वाचणारा. काउंटरवर रिपोर्ट मिळाला, पण डॉक्टरीणबाई भेटायला तासभर होता. दोघं कँटीनमध्ये जाऊन बसले. पद्मनाभानं गरम गोळीबजे, म्हणजे मैद्याची गोल भजी, मागवली. महाबळाला बाहेरचं खाणं बंद, म्हणून तो नुसता वास खात होता.

"वाच ना रे बाबा! जीव टांगलाय इथं."

पद्मनाभानं तेलकट बोटं रुमालाला पुसली आणि वाचायला घेतलं. मध्येच थांबला. त्यानं महाबळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा महाबळाकडे पाहिलं.

"काय? परत आलाय?"

"तसं नाही. आजाराची खूण सापडली नाही म्हणतायत."

"मग तोंड असं का केलंस?"

"इथं एक्स-एक्स लिहिलंय. शाळेत शिकवलेलं मला पक्कं आठवतंय. पुरुषाचं एक्स-वाय. एक्स-एक्स म्हणजे बाई."

"कोण बाई?"

"तू."

पद्मनाभाला हसू आवरेना. "तीस वर्षं साडी नेसून रात्र रात्र मुरकतोय मी, आणि बाई तू झालास? तेही मिशा ठेवून?"

महाबळानं मात्र कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. हा रिपोर्ट आपला नव्हेच! कुणा बाईचा आपल्याकडे आला, म्हणजे आपला तिच्याकडे गेला. आजाराची खूण नाही ती तिला. आपलं काय ते देव जाणे. आणि ती बिचारी आपला कागद हातात घेऊन कुठंतरी ऊर बडवत असेल.

तो उठून बाहेर धावला. बाकावर एक बाई खरंच कागद हातात धरून पदरानं डोळे पुसत होती.

"अम्मा, रडू नका," महाबळ जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाला. "तुम्हाला काही झालेलं नाही. हा घ्या तुमचा. तुमच्या हातात आहे तो माझा, द्या इकडे."

बाईनं सुजलेला गाल दाबून धरला. "माझी काढलेली दाढ बांधलीय हो यात," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला कशाला हवीय?"

डॉक्टर निवेदिता कामतांच्या खोलीत तो खुर्चीवर बसलाही नाही. "अदलाबदल झालीय. माझा खरा रिपोर्ट द्या. असेल ते असेल."

बाईंनी कागद पाहिला. "हा तुमचाच आहे. मगज कुणी दिला होता तुम्हाला?"

"अक्कानं."

"मग? आता तुमच्या हाडांत रक्त तयार होतं ते अक्काचं. आम्ही तपासलं ते तेच. ते बाईचंच दिसणार. तुमची जुनी पेशी एकही सापडली नाही, आणि आजार त्या जुन्यांतच होता. आम्हाला हेच हवं होतं. तपासण्या पुढंही करत राहू, पण आज रिपोर्ट उत्तम आहे."

"माझी एकही नाही?"

"एकही सापडली नाही."

"आणि मिशा?"

"मिशा तुमच्याच. कातडी, हाडं, आवाज, सगळं तुमचं. रक्त तेवढं अक्काचं."

महाबळ बाहेर आला आणि भिंतीला टेकून आपल्या मनगटाकडे बघत उभा राहिला. निळी शीर कालच्यासारखीच होती. पन्नास वर्षं जे रक्त आपलं म्हणून उकळवलं, पोरांसाठी आटवलं, ते न सांगता निघून गेलं होतं. पाहुणासुद्धा जाताना येतो म्हणतो!

पद्मनाभानं फोन लावून त्याच्या कानाला धरला.

"अक्का, माझ्यात माझं रक्तच नाही गं राहिलं. सगळं तुझं."

"असू दे. तुझ्या रक्तानं काय मोठे दिवे लावले होते?" विडीची पानं कापायची कात्री चालूच होती. "रक्ताचं राहू दे. आजार गेला का ते सांग."

राक्षसानं फोनलाच मान डोलावली.

"अरे बोल की! गेला का?"

पद्मनाभानं फोन घेतला. "गेला, अक्का. आज तरी कुठं दिसत नाही."

पलीकडे कात्री थांबली.

"त्याला दे फोन," अक्का म्हणाली.

"तो रडतोय. उभ्याउभ्याच."

"रडू दे. पण आधी त्याला खाली बसव. पडलाबिडला तर माझं रक्त सांडेल."