गणोवरची निळी कवडी

जमनाबाईचा स्वभाव माझ्या अगदी उलटा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ही बाई स्वतःची वस्तू परत मागायची तर दोन वर्षं ओठ शिवून बसली. मी आमच्या बंजारा तांड्यातल्या अंगणवाडीत पोरं सांभाळते. तिचं घर अगदी समोर, त्यामुळे तिचं ते वाट बघणं मला रोज बघावं लागायचं.

वस्तू म्हणजे गणो. लग्नात नवरी डोक्यावर पाण्याची घागर घेते, तेव्हा तिच्या पाठीवर रुळणारं, कवड्यांनी मढवलेलं कापड. जमनाबाईच्या सासूच्या हातचा हा गणो तांड्यातल्या कितीतरी लेकींच्या पाठीवर रुळलाय. ज्या घरी लग्न, त्या घरी तो जायचा. कार्य उरकलं की त्या घरानं आपली एक कवडी त्यावर शिवायची आणि आपण होऊन परत आणून द्यायचा, ही तांड्याची रीत. देणारीनं मागायचा नाही. मागितला तर त्या लेकीचं सुख मागून घेतल्यासारखं होतं म्हणे.

त्यातली एक कवडी निळ्या दोऱ्याची. ती जमनाबाईच्या लेकीची, सेवाची. सासरी जायच्या गडबडीत लाल दोरा सापडेना, तर हाताला लागला त्या दोऱ्यानं तिनं ती शिवली. सेवा पुढं बाळंतपणात गेली. मागं राहिलेल्या तिच्या लेकीला, निलमला, आजीनंच वाढवलं. आईच्या हातचं म्हणून निलमला दाखवायला तेवढी कवडीच होती.

सिद्धेश्वर धरणाकडच्या टेकडीवर निजामाच्या काळातला एक डाकबंगला आहे. तो दुरुस्त करून तिथं जुन्या वस्तू मांडायचं ठरलं, तेव्हा तिथलं काम बघणारे रत्नपाल सर कवडीकाम गोळा करत आमच्या तांड्यावर आले. "आजी, उद्घाटनाला पाहिजे," म्हणाले. जमनाबाईला एवढंच कळलं की त्यांच्या घरी कार्य आहे. तिनं गणो झटकला, घडी घातली आणि हातात दिला. सरांना वाटलं, कायमचा दिला. हिला वाटलं, कार्यापुरता नेला.

मग निलमचं लग्न ठरलं.

"याडी, आता तरी माग," मी म्हणाले. सगळा तांडाच तिला याडी, म्हणजे आई, म्हणतो.

"मागायचं न्हाई असतंय. त्यांचं कार्य उरकलं की आणतील."

"दोन वर्षं कसलं कार्य चालून राहिलं? हत्तीचं लगन हाय का?"

ती हसली, पण जागची हलली नाही. शेवटी 'नुसतं बघून येऊ' म्हणत मी तिला रिक्षात घातलं.

बंगला उंच छताचा, आत थंडगार. कवड्यांच्या पिशव्या, बैलांच्या झुली, आणि मधल्या खोलीत काचेच्या कपाटात आमचा गणो. कपाटाला कुलूप. खरं सांगते, दिसत होता मोठा देखणा. जमनाबाईनं निळ्या दोऱ्यासमोर काचेवर बोट टेकवलं आणि तशीच उभी राहिली.

रत्नपाल सर कौतुकानं पुढं आले. "बघा आजी, किती जपलंय!"

"व्हय, लई जपलं," ती म्हणाली. "तुमचं कार्य बराबर झालं ना?"

"कसलं कार्य, आजी?"

इथं माझा बांध फुटला. रीत, सेवा, निळा दोरा, पुढच्या आठवड्यातलं लग्न, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. जमनाबाईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. "गप बस. काहून मागून राहिली?" तिचे डोळे भरले होते, आणि राग सगळा माझ्यावरच.

सर खाली बघत म्हणाले, "समितीला विचारावं लागेल." समिती हा शब्द ऐकला की मी आशा सोडते.

लग्नाच्या दिवशी निलमसाठी बाजारातला, प्लास्टिकच्या कवड्यांचा गणो आणून ठेवला होता. घागर भरली, आणि तेवढ्यात सरांची मोटरसायकल दारात थांबली. त्यांच्या अंगठ्याला पट्टी, काखेत पिशवी.

"उशीर झाला, आजी. कवडीला भोक पाडता येईना मला. घरच्या सारीपाटातल्या सगळ्या फोडल्या, ही शेवटची. बायको म्हणली, मी शिवून देते. म्हणलं न्हाई, न्यायला मी गेलतो, शिवायला बी मीच पायजे."

"आणि समिती?" मी विचारलं.

"समितीला विचारलं न्हाई. सांगितलं, घरचं लगन हाय."

पिशवीतून गणो निघाला. त्याच्या कोपऱ्यात एक नवी कवडी होती, जाड काळ्या दोऱ्याची, पार तिरपी. कुणीतरी म्हणालं, उसवून नीट लावू.

"हात लावू नको," जमनाबाई म्हणाली.

तिनं गणो निलमच्या पाठीवर सोडला, नातीचा हात मागं घेतला आणि तिचं बोट निळ्या दोऱ्यावर टेकवलं. "ही तुझी माय. आता चल." निलमनं घागर उचलली. पुढचं मला नीट दिसलं नाही. मी रडत होते, त्यात लाज कसली?

लग्नाचा मांडव उतरला तसं जमनाबाईनं मला रिक्षा बोलवायला सांगितलं. मांडीवर गणो, आणि त्यावर निलमनं शिवलेली नवी कवडी.

"कुठं निघालीस?"

"बंगल्यावर. त्यांच्या घरून आणला व्हता ना. कार्य उरकलं, आता आपण न्यायचा."

सरांनी गणो पुन्हा कपाटात लावला आणि सवयीनं खिशातून किल्ली काढली. जमनाबाईनं त्यांचा हात धरला.

"तेवढं कुलूप नका लावू, लेका," ती म्हणाली. "आत लेकी हायती."