अक्काने विष घेतलं नव्हतं

सकाळी कॉलेजला निघालो होतो, तेव्हा दवाखान्यातून दाजींचा फोन आला. "अक्का गई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी होत्या : शहादा तालुक्यात तणनाशक प्राशन करून विवाहितेचा मृत्यू. प्राशन... ज्याने हा शब्द लिहिला, त्याने आमच्या घरी साधी चौकशीही केली नव्हती. महिना उलटला, तरी तो शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

अक्का माझी मोठी बहीण. शेतातले निर्णय तिचे, दाजी मान डोलवायचे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून तिच्या शंका माझ्याकडे यायच्या. एकदा तिने विचारलं, फवारा दोघांवर सारखाच पडतो, मग गवत मरतं आणि मका का मरत नाही? मी सांगितलं, औषध मक्याच्याही अंगात शिरतं. पण मका त्याला स्वतःजवळचा एक पदार्थ जोडतो आणि निकामी करून टाकतो. गवताला ते वेळेत जमत नाही. "म्हणजे मका पचाडी टाकस," ती म्हणाली आणि समाधानाने हसली.

यंदा गवत हटेना. दुकानदाराने नेहमीच्या औषधात मिसळायला दुसरी बाटली दिली. ते दुसरं औषध मकासुद्धा पचवू शकत नाही. ज्या हिरव्यावर पडेल ते जाळतं. त्याने ते सांगितलं नाही. अंगावर उडालं तर काय, असं अक्काने मुद्दाम विचारलं होतं. तो म्हणाला, पिकाला काही होत नाही, तर तुम्हाला काय होणार!

अक्काने खांद्याला अडकवलेला फवारणीचा पंप गळका होता. घामोळ्यांनी सोललेल्या पाठीवर ते औषध दुपारभर झिरपत राहिलं. नंदुरबारच्या दवाखान्यात पहिले काही दिवस ती बोलत होती, घासभर भाकरीही खात होती. मग श्वास पुरेनासा झाला. दुकानदाराचं ते वाक्य तिनेच मला सांगितलं, आणि थांबत थांबत म्हणाली, "भाऊ, मन्ही पाठ काय मका शे?"

दुकानदार दारावर, सांत्वनाला आला होता. बायकांच्या मनात काय असतं कोणाला कळतं, असं चारचौघांत बोलला. दाजींनी आवाज न चढवता त्याला उठायला सांगितलं.

शेतात जाताना अक्का साडीवर दाजींचा जुना शर्ट घालायची. तो आजही मागच्या खोलीत खुंटीवर आहे. दाजी कोणाला धुऊ देत नाहीत. पुढून स्वच्छ आहे. गळ्यापाशी, छातीवर थेंबसुद्धा नाही. मागे मात्र मानेपासून कमरेपर्यंत हिरवट डाग उतरलाय. ती प्यायली, असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने आधी तो शर्ट पाठीकडून बघावा.