बंड्याची सुट्टी

माझ्या मामेसासऱ्यांइतका रागीट प्राणी अख्ख्या इंग्लंडात दुसरा एकच होता, आणि तो त्यांनीच पाळला होता. मामा बेसिंगस्टोकच्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आठवडाभर माणसांना झोपवायचं आणि वीकेंडला भाड्याच्या कुरणात बंड्या नावाच्या वळूला उधळायला शिकवायचं, हा त्यांचा ऐंशीच्या दशकातला उद्योग. जत्रेतल्या काउबॉय शोमध्ये बंड्या पाठीवर बसलेल्या धटिंगणांना मातीत लोळवायचा. कमरेला दोर आवळून बैल उधळवायला इथे कायद्याने बंदी, त्यामुळे राग अस्सल लागे. मामा त्याच्या पाठीवर वाळूचं पोतं बांधत. ते भिरकावलं की लगेच पेंड. नर्सवर, कौन्सिलवर, माझ्या चहावर खेकसणारा हा माणूस बंड्यावर मात्र कधी आवाज चढवत नसे. "घाबरलेला बैल पळतो गं, उधळत नाही. हिज टेम्पर इज हिज जॉब!" हेसुद्धा मलाच दरडावून.

एका वर्षी ऑगस्टच्या बँक हॉलिडे वीकेंडलाच पोळा आला. हुकूम आला म्हणून मी ईलिंगहून पुरणपोळ्या घेऊन गेले, तर शोच्या मैदानावर मामा जन्मात जू न पाहिलेल्या बंड्याच्या खांद्याला हळद-तूप चोळत होते.

"अहो मामा, पोळा राबणाऱ्या बैलांचा असतो!"

"मग हा काय पेन्शनवर आहे?" त्यांनी पोळी चाखली. "गूळ कमी. बैलासमोर लाज काढलीस!"

पहाटे उठून पुरण वाटलं होतं मी. डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

मग त्यांनी शोवाल्याला बजावलं, आज याच्या पाठीवर कोणी बसणार नाही.

"डॉक्टर, बँक हॉलिडे आहे! पब्लिक येऊन बसलंय!"

"मग त्यालाही हॉलिडे!" मामा फाटकात आडवे उभे राहिले.

शोवाल्याने बंड्याला तिथल्या तिथे कायमचं काढून टाकलं. कुरणाच्या मालकाने तर आधीच सांगून ठेवलं होतं, शो सुटला की हा मारका वळू माझ्या कुरणात नको; मग उरला खाटीकच. परतताना मी गाडीत कडाकडा भांडले, "एका दिवसाच्या हट्टापायी त्याचा जीव घालवलात!" त्याच आठवड्यात मामांनी राहतं घर विकायला काढलं, त्या पैशांत ते कुरण विकत घेतलं आणि कडेच्या कॅरव्हॅनमध्ये राहायला गेले. बंड्या तिथेच म्हातारा झाला. मामा रोज त्याच्यासमोर उभे राहून सरकारला शिव्या घालत.

बंड्या गेला त्यानंतर मामांचा आवाजच बसला. कौन्सिललाही थँक्यू म्हणू लागले. पुढच्या पोळ्याला मी मुद्दाम गूळ अगदी नावापुरता घालून पोळ्या नेल्या. रिकाम्या कुरणाकडे बघत मामांनी एक सावकाश संपवली.

"छान झालीय गं," म्हणाले.

इतका संताप आला मला त्यांचा, की गाडीत जाऊन रडले.