वरचा कप्पा दीड फूट खाली

गेल्या महिन्यात आमच्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवरून एक जुना गिअरबॉक्स खाली आला. सकाळचे अकरा वाजलेले… पालमकडच्या दोन पिकअप, तीन जीप, एक टेम्पो, पाय ठेवायला जागा नाही. फळी मधोमध मोडली आणि ते धूड ज्ञानोबा मिस्त्रीच्या पायापासून वीतभर अंतरावर पडलं.

ज्ञानोबा आमचा सगळ्यात जुना कारागीर, स्वभावाने अगदी शांत. त्या दिवशी मात्र हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "सुभाषभाऊ, आता लय झालं. रॅक करा, न्हाई तर मी दुसरीकडं काम बघतो."

त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझीच होती…

परभणीत गंगाखेड रोडवर हे गॅरेज मी आणि रशीदभाईंनी मिळून काढलं, त्याला बावीस वर्षं झाली. इंजिनचं काम माझं, सामानाचं खातं त्यांचं. कुठलं बेअरिंग कुठल्या डब्यात, हे फक्त त्यांनाच माहीत.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून मी त्या फळ्या आवरल्याच नाहीत, कुणाला आवरूही दिल्या नाहीत… रशीदभाई परत आले की त्यांना त्यांचं सामान जिथल्या तिथं सापडलं पाहिजे, एवढंच डोक्यात. एक क्लचप्लेट शोधायला अर्धा अर्धा तास जायचा. नवीन आलेलं सामान मी दिसेल तिथं टेकवत गेलो. त्याच ओझ्यानं फळी मोडली.

रविवारी गॅरेज बंद असतं. टेप आणि कॅलेंडरचं जुनं पान घेऊन मी एकटाच आत गेलो. जड सामान खाली, रोज लागणारं कमरेच्या उंचीला, हलकं वर… पाठच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली. गाडीखाली काम करायच्या खड्ड्याकडे जायची वाट मोकळी ठेवली.

मग डबे उतरवायला लागलो आणि अडलो. प्रत्येक डब्यावर रशीदभाईंनी उर्दूत लिहिलेलं. मला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही. इतक्या वर्षांत कधी गरजच पडली नव्हती… डब्यांचे फोटो काढले आणि त्यांच्या घरी गेलो.

भाभींनी चष्मा लावला आणि एकेक फोटो वाचायला सुरुवात केली. ब्रेकचे लायनर, गॅस्केट, सेल्फचे ब्रश… मी मराठीत लिहून घेत होतो. रशीदभाई उशीला टेकून ऐकत होते. एका फोटोवर भाभी थांबल्या आणि हसायलाच लागल्या.

"भाऊ, याच्यावर तुमचंच नाव हाय. 'सुभाष गुमाता सो सामान'. तुमी हरवता ते!"

तो डबा मी उघडून पाहिला होता. दहा नंबरचे पाने होते त्यात, सात-आठ तरी. माझा पाना दर महिन्याला हरवायचा आणि दर वेळी रशीदभाई "मिल गया" म्हणून आणून द्यायचे. तो सापडलेला नसायचाच, या डब्यातला नवा असायचा… मला हे बावीस वर्षांनी कळलं.

मग मी त्यांच्यापुढं आकृती धरली. सगळ्यात वरचा कप्पा साडेसात फुटांवर काढला होता, अगदी जुन्या फळीइतकाच. रशीदभाई सहा फुटांच्या वर. त्यांचा हात तिथं सहज जातो.

त्यांनी बराच वेळ आकृती पाहिली. डाव्या हातात पेन्सिल घेतली, वरची रेघ खोडली आणि तिच्या खाली एक वाकडीतिकडी रेघ ओढली. मग माझ्याकडं बोट केलं.

भाभी हळूच म्हणाल्या, "ते म्हणायलेत, तुमचा हात वर पुरणार न्हाई."

मी बुटका माणूस. वरचं सामान मी कधी स्वतः काढलंच नव्हतं. म्हटलं, "अहो पण रशीदभाई, तुम्ही आल्यावर…"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. एकदाच… आणि डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

त्यांनीच खुणेनं मला भिंतीशी उभं राहायला सांगितलं, हात वर करायला लावला. भाभींनी टेप धरली. पाच फूट उंचीचा माणूस आरामात जिथून डबा उचलेल ती उंची भरली सहा फूट. रशीदभाईंनी नव्या रेघेपुढं डाव्या हातानं सहाचा आकडा लिहिला. उलटा पडला, तो खोडून पुन्हा लिहिला.

येताना आकृतीची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

आता रॅक होऊन तीन आठवडे झाले. लोखंडी अँगल, जाड पत्रा, डब्यांवर उर्दूच्या खाली मराठी. ज्ञानोबा राहिला. परवा तर गिऱ्हाइकाला हौसेनं रॅक दाखवत होता.

गॅरेज दिवसभर माणसांनी भरलेलं असतं. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसतात, मलाही बोलावतात. पण मी डबा उघडला की अजूनही थोडं थांबतो… कुणी हात धुऊन यायचं बाकी असल्यासारखं.

रशीदभाई, हे भाभी तुम्हाला वाचून दाखवतील. त्या दिवशी तुम्ही एका हातानं जी रेघ खोडलीत, ती मला दोन धड हातांनी सात महिने खोडता आली नव्हती. शुक्रिया, भाई.